दोन हातांच्या दोन ट्यूबा

पहिलीच्या मुलाला 'अ' काढायला शिकवायचा तर नुसतं सांगून भागत नाही. फळ्यावर मोठा काढून दाखवला तरी त्याला तो चित्रासारखा दिसतो. त्याच्या मागे वाकून उभं राहायचं, पेन्सिल धरलेली त्याची मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि पाटीवर सावकाश फिरवायची. एका वर्गात पन्नासेक मुलं असली तर पन्नासेक मुठी. बाकीच्या शिक्षिकांना हे काम कंटाळवाणं वाटायचं आणि मला ते शाळेतलं सगळ्यात आवडतं काम वाटायचं. एरवी माझ्या नाकावर राग असतो, असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही. पण पहिलीच्या वर्गात तो राग कुठे जायचा ते मलाही माहीत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. मुलुंडची आमची मराठी शाळा पहिली ते सातवीची होती. मी लग्न होऊन मुलुंडला आले आणि त्याच वर्षी शाळेत लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत माझ्या हातांना इसब झालं. आधी बोटांच्या बेचक्यांत कोरडं पडलं, मग भेगा गेल्या, मग त्यातून पाणी यायला लागलं. खडूची पूड बसली की आग व्हायची आणि खाज अशी सुटायची की शिकवता शिकवता मी टेबलाच्या कडेला हात घासायची. कडुनिंबाच्या पाण्याने धुऊन झालं, करंजाचं तेल लावून झालं, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या चघळून झाल्या. वांगं सोडलं, लोणचं सोडलं. आमचे नेहमीचे डॉक्टर टेबलाच्या पलीकडूनच "दाखवा" म्हणायचे आणि चिठ्ठी लिहायचे. काही दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

एका सकाळी एक आई वर्गाच्या दारात आली. बाई बोलायला सभ्य होती. म्हणाली, "बाई, आमच्या मुलीला तुम्ही तोंडीच सांगत जा. हात नका धरू."

"मग ती तोंडानेच लिहिणार का?" मी म्हटलं.

झालं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. कडक इस्त्रीची सुती साडी नेसणारी, कुणावर कधी आवाज न चढवणारी ती बाई. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि माझ्या हातांकडे न बघता म्हणाल्या, "ते पसरत नाही असं तुम्ही म्हणता. मी मानते. पण पालकांना मी कसं पटवू? आज एक आली, उद्या दहा येतील." त्यांनी मला सातवीला भूगोल दिला. पहिली एका नव्याने लागलेल्या शिक्षिकेकडे गेली. "हात बरे झाले तर जूनमध्ये बघू," त्या म्हणाल्या. "एप्रिलमध्ये वर्गवाटपाची सभा असते. तोपर्यंत नाही झाले, तर पहिली मी तिच्याच नावावर कायम करते. दर वर्षी बाई बदलणं बरं नाही."

सातवीच्या पोरांचा हात धरायची वेळ येत नाही, कान धरायची येते. मी नकाशावर पट्टी आपटत दख्खनचं पठार शिकवायची आणि शेजारच्या खोलीतून पहिलीचं एका सुरातलं "अ अननसाचा" ऐकू आलं की माझं लक्ष उडायचं. मला फार वाईट वाटत होतं. पहिलीचा वर्ग गेला तर ही नोकरी करण्यात मला काही रस उरणार नव्हता, इतकं ते सरळ होतं.

घरात आम्ही तिघं. नवरा कारखान्यात पाळीवर जायचा. सासरे गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि त्यानंतर तेही फार राहिले नाहीत. सासूबाई लग्न होऊन मालवणकडून परळला आल्या होत्या, मग मुलाबरोबर मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत. इतकी वर्षं मुंबईत काढूनही त्यांची बोली जशीच्या तशी होती. घाटकोपरच्या एका सरकारी दवाखान्यात चामडीच्या रोगांची वेगळी ओपीडी आहे, हे त्यांनीच कुठून तरी काढलं आणि एका दुपारी मला बसमध्ये घालून घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टरीणबाई बुटक्या, पन्नाशीच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि आवाज बाहेरच्या बाकापर्यंत जाणारा. मी सवयीने टेबलाच्या अलीकडून हात पुढे केले. त्यांनी ते आपल्या उघड्या हातात घेतले, मला खुर्चीसकट खिडकीपाशी ओढलं आणि उजेडात एकेक बोट वेगळं करून, अंगठ्याने दाबून बघितलं. पाणी येत होतं तिथेही दाबलं. किती तरी महिन्यांत घराबाहेरच्या माणसाने माझ्या हाताला हात लावला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

"खाजवता?"

"नाही."

"खोटं."

"खाजवते," मी म्हटलं.

"आता नीट बोलायला लागलात. तर ऐका."

मग त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवून सगळं समजावलं. एका कंपनीने इसबावर नवीन मलम काढलं होतं आणि त्याची ट्रायल या दवाखान्यात चालू होती. ज्यांच्या दोन्ही हातांना सारखंच इसब आहे अशी माणसं त्यांना हवी होती. एका हाताला नवीन मलम, दुसऱ्याला बाजारात मिळणारं जुनं. ट्यूबा दिसायला अगदी सारख्या, फक्त एकीवर 'उजवा' आणि एकीवर 'डावा' लिहिलेलं. कुठल्या ट्यूबमध्ये काय आहे ते पाकिटात बंद, आणि पाकिटं सगळ्या पेशंटांचं संपल्यावरच उघडायची.

सासूबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे खंयच्या ट्यूबीत काय हा, ता तुमकाव म्हायत नाय?"

"नाही मावशी."

"मगे डाक्टर कशाक झालात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीत मागे टेकून मोठ्याने हसल्या. "मावशी, हे नवीन मलम चांगलं आहे असं मला वाटतं. अगदी मनापासून वाटतं. आणि तोच तर वांधा आहे. कुठल्या हाताला ते लावलंय हे मला कळलं ना, तर तो हात मला जास्त बरा दिसणार. डोळे आपल्याला हवं तेच बघतात, माझेसुद्धा. म्हणून मी माझ्यापासूनच लपवून ठेवलंय."

इतकी शिकलेली बाई आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही आणि तसं दोन अनोळखी बायकांना उघड सांगते, याचं मला नवल वाटलं. तोवर मला भेटलेल्या कुठल्याही डॉक्टरने "मला माहीत नाही" हे शब्द उच्चारले नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि कधीही सोडावंसं वाटलं तर सोडायचं. मी कारण विचारणार नाही, रागावणार नाही, तुमची ट्रीटमेंट थांबवणार नाही." मी सही केली.

नियम पुष्कळ होते. साबण नाही, भांडी नाहीत, धुणं नाही, कांदा-टोमॅटो चिरायचे नाहीत, दुसरं तेल-मलम काही लावायचं नाही. खडू धरायचा तर कागदात गुंडाळून. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मलम स्वतःच्या हाताने लावायचं नाही, कारण उजव्याचं मलम डाव्याने लावलं की ते दोन्ही हातांना लागणार. "घरातल्या कुणीतरी लावायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक हात झाला की साबणाने हात धुवायचे, मगच दुसरा."

"मी लावीन," सासूबाई म्हणाल्या. "शबूद देतंय."

तो शब्द त्यांनी कसा पाळला ते मी रोज बघत होते. सकाळी आंघोळीनंतर आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर मला पाटावर बसवायच्या आणि स्वतः समोर बसायच्या. ट्यूबांची अदलाबदल होऊ नये म्हणून एक देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला ठेवलेली, एक डाव्या. मी उगाच डिवचायला विचारलं, "आई, देवाची उजवी बाजू की आपली?" तर म्हणाल्या, "देवाक काय इसब झाला हा? तुझी उजवी ती उजवी." मग बोटभर मलम घेऊन माझ्या एकेका पेरावर, बेचक्यांत, मनगटापर्यंत लावायच्या. उठून मोरीवर हात धुवायच्या, पुसायच्या, पुन्हा येऊन बसायच्या. गुडघे दुखायचे त्यांचे. पण एकदाही "आज दोन्हींक एकदम लावूया" म्हणाल्या नाहीत.

भांडी, धुणं, चिरणं सगळं त्यांच्याकडे गेलं. सून दिवसाढवळ्या हातावर हात ठेवून बसलेली आणि सासू भांडी घासतेय, हे चाळीला कसं सहन होणार. शेजारच्या काकूंनी नळावर विचारलंच. सासूबाई म्हणाल्या, "तिचे हात सध्या दवाखान्याचे आसत. मागान आणलेली वस्तू खराब करून परत देऊची नाय." काकू आपली कळशी उचलून चालत्या झाल्या. मी आत ऐकत होते आणि मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला.

ठरलेल्या वारी आम्ही घाटकोपरला जायचो. बाकावर आमच्यासारखेच दोन हातवाले बसलेले असायचे. गॅरेजमध्ये काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक, पण डॉक्टरीणबाईंनी विचारलं की ठरलेलं उत्तर: "फर्स्ट क्लास, मॅडम." औषध फुकट देतात, इतकं विचारतात, आणि त्यांना तोंडावर बरं नाही म्हणायचं हे त्यांच्या संस्कारात बसत नव्हतं. खरं तर आमच्यापैकी कुणाच्याच बसत नव्हतं. दुसरी एखादी डॉक्टर हे उत्तर खुशीत लिहून मोकळी झाली असती. या बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, मला खूश करायला इथे येऊ नका. मला खूश करायला घरी माझा नवरा आहे, त्यालाही जमत नाही. रात्री झोप लागते?" "नाही, मॅडम." "रक्त येतं?" "येतं." "मग ते सांगा ना. तुम्ही खोटं बोललात तर उद्या हजारो लोकांना वाईट औषध मिळेल, आणि त्याला जबाबदार तुमचा चांगुलपणा." काकांनी मान खाली घातली आणि मग खरं सांगायला लागले. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला उठल्या.

फेब्रुवारी संपता संपता माझा उजवा हात सुधारायला लागला. आधी पाणी थांबलं, मग भेगा मिटल्या, खपल्या गळून खाली गुलाबी कातडी दिसायला लागली. आणि डावा हात होता तिथेच. दोन हात शेजारी ठेवले की दोन वेगळ्या बायकांचे वाटायचे. नवीन मलम उजव्या ट्यूबमध्ये आहे याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका उरली नाही.

इकडे एप्रिलची सभा जवळ येत होती आणि ट्रायल त्या सभेनंतरही चालू राहणार होती. म्हणजे सभेच्या दिवशी माझा डावा हात असाच असणार होता. एका हाताची बाई पहिलीला चालेल का, असं विचारायची सोय नव्हती. आणि ज्याने हात बरा होतो ते मलम देव्हाऱ्याच्या उजव्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. एका संध्याकाळी पाटावर बसल्यावर मी म्हटलं, "आई, आजपासून डाव्यालाही उजवीच लावा."

"नाय."

"कुणाला कळणार आहे?"

"कळात नाय तर नाय कळात. मी शबूद दिलंय."

"हात माझे आहेत," मी चिडून म्हटलं. "वर्ग माझा जातोय."

"हात तुझे. ट्यूब तिची," त्या म्हणाल्या आणि डावी ट्यूब उघडून शांतपणे माझ्या डाव्या हाताला लावायला लागल्या. मी रागाने जेवले नाही. ट्यूबा काही कुलपात नव्हत्या, मी उठून घेऊ शकले असते. पण त्या बाईने मोरीपर्यंत केलेल्या फेऱ्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि त्या मला काही करू देईनात. राग मात्र गेला नाही.

पुढच्या खेपेला दवाखान्यात वेगळंच घडलं. दर वेळी आम्ही वापरलेल्या ट्यूबा परत द्यायचो आणि डॉक्टरीणबाई त्या छोट्या काट्यावर तोलायच्या. मलम नेमकं लावलं की नाही, ते त्यावरून कळायचं. त्या दिवशी त्यांनी दोन्ही ट्यूबा तोलल्या, पुन्हा तोलल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

"दोन्ही जास्त संपल्यात. बऱ्याच जास्त. घरात आणखी कुणाला लावताय?"

माझा पारा चढला. "म्हणजे आम्ही औषध वाटत फिरतो असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मला काही म्हणायचं नाहीये. मी विचारतेय. सांगितलं नाहीत तर तुमचे दोन्ही हात मला मोजता येणार नाहीत, तुमचं नाव काढावं लागेल."

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. सासूबाईंनी पायातली चप्पल काढली होती. त्यांनी पाय उचलून समोरच्या स्टुलावर ठेवला, लुगडं जरा वर घेतलं आणि टाच डॉक्टरीणबाईंकडे केली.

"ह्या बघा," त्या म्हणाल्या.

प्रकार असा होता. मलम लावून झालं की बोटावर थोडं उरायचं. हात धुवायचे तर ते मोरीत जाणार. औषधासारखं औषध, आणि ते पाण्याबरोबर वाहून घालवायचं, हे सासूबाईंच्या जिवावर आलं. ताटात शीत न टाकणारी बाई ती. म्हणून मोरीवर हात धुण्याआधी त्या उरलेलं मलम आपल्या टाचांच्या भेगांना पुसायच्या. उजव्या ट्यूबचं उजव्या टाचेला, डाव्या ट्यूबचं डाव्या टाचेला. त्यातही गफलत करायची नाही. टाचा मऊ पडायला लागल्या तसं बोटावर जरा जास्त उरायला लागलं.

"वाया कित्याक घालवूचा?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "पण मी एकीचा दुसऱ्या टाचेक लावलंय नाय. देवाशपथ."

डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून खाली वाकल्या. त्यांनी दोन्ही टाचा हातात घेऊन, माझे हात बघितले होते तशाच उजेडात धरून बघितल्या. "दोन्ही सारख्याच मऊ झाल्यात," त्या म्हणाल्या. "मलमातलं ग्रीस लागलं टाचांना, बाकी काही नाही. मावशी, तुम्ही खोबरेल लावलं असतंत तरी हेच झालं असतं." आणि मग त्यांना हसू आवरेना. डोळे पुसून म्हणाल्या, "पण हे मी जसंच्या तसं लिहिणार. टाचांसकट. आणि आजपासून उरलं की कागदाला पुसायचं."

"लिवा," सासूबाई म्हणाल्या. आणि मग, न विचारता, सगळंच सांगून बसल्या: माझी पहिली, एप्रिलची सभा, मी डाव्याला उजवी लावा म्हटलं आणि त्यांनी लावली नाही. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

डॉक्टरीणबाईंचं हसू थांबलं. त्या माझ्याकडे वळल्या. "हे मला आधी का नाही सांगितलंत? बाई, मी पहिल्या दिवशी काय म्हटलं होतं? कधीही सोडा. आज सोडा. आत्ता चिठ्ठी लिहून देते, डाव्या हाताला बाजारातलं चांगलं मलम चालू करू. सभेपर्यंत पुष्कळ फरक पडेल."

"आणि तुमची ट्रायल?"

"तुमचा हिशोब अर्धवट म्हणून बाजूला ठेवायचा. त्याला काय. ट्रायल माझी आहे, वर्ग तुमचा आहे."

त्यांच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आडून दबाव नव्हता. मी त्यात तो शोधत होते, कारण मला रागावायला काहीतरी हवं होतं. "बाहेर बसून विचार करा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मी बाकावर बसले. शेजारी एक आई मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळाचे गाल इसबाने सोललेले. त्याने ओरबाडू नये म्हणून दोन्ही हातांवर जुन्या पायमोज्यांच्या पिशव्या बांधल्या होत्या. ते रडत नव्हतं, त्या बांधलेल्या मुठी गालाला घासत होतं, आणि आई सारखी त्या बाजूला करत होती. मला हे बघवेना. माझ्या खाजेची गोष्ट निदान मी बोलू शकत होते. याच्यावर कधीतरी कुठलं तरी मलम लावणार, आणि ते चांगलं की वाईट हे आधी कुणाच्या तरी हातावर बघितलेलं हवं. मला पहिली हवी होती, अजूनही तितकीच हवी होती. पण मी उठले, आत गेले आणि म्हटलं, "चालू ठेवा."

"नक्की?"

"राग येतोय मला. पण चालू ठेवा."

डॉक्टरीणबाईंनी शाळेचं नाव आणि सभेचा दिवस विचारला, इतकंच.

सभा शनिवारी होती, शाळा सुटल्यावर. मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन दोन्ही हात टेबलावर ठेवले. त्यांनी उजवा बघितला, मग डावा बघितला आणि डोळे मिटले. त्या काही बोलणार इतक्यात शिपाई आत आला, कोणी डॉक्टरीणबाई आल्यात म्हणाला. घाटकोपरहून बसने, उन्हातून, पदराने घाम टिपत त्या आत आल्या. ओळख सांगितली, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि माझा डावा हात, भेगा पडलेला, पाणी येणारा तो हात, आपल्या हातात घेतला. आणि मग सोडलाच नाही. चहा आला तो दुसऱ्या हाताने प्यायल्या. उन्हाळ्याबद्दल बोलल्या, त्यांच्या लहानपणी गिरवायला कुठली बाई होती ते सांगितलं, शाळेची इमारत चांगली आहे म्हणाल्या. इसबाबद्दल अवाक्षर नाही. मुख्याध्यापिका उत्तरं देत होत्या, पण त्यांची नजर त्या धरलेल्या हातांवरून हलत नव्हती.

चहा संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वीस वर्षं मी असे हात धरतेय. माझे बघा." आणि आपला मोकळा हात टेबलावर उपडा ठेवला. स्वच्छ, जाड बोटांचा हात.

मुख्याध्यापिकांनी तो निरखून बघितला. मग त्यांनी स्वतःचा हात पुढे केला आणि माझा डावा हात आपल्याकडे घेतला. जरा कचरत, पण घेतला. "पहिली मी अजून कुणाच्या नावावर करत नाही," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये पहिल्या दिवशी पालक दारात उभे असतात. त्यांच्यासमोर बाई हात धरून शिकवतील. कुणी काही बोललं, तर मात्र माझा नाइलाज आहे."

ट्रायलचं शेवटी काय झालं ते इथेच सांगते. सगळ्यांचं संपून पाकिटं उघडायला गणपती उजाडले. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं: माझ्या उजव्या हाताला लावलं होतं ते जुनं मलम. कुठल्याही दुकानात मिळणारं. नवीन मलम डाव्या ट्यूबमध्ये होतं, आणि बाकीच्यांच्या हातांचाही हिशोब साधारण तसाच निघाला होता.

"कंपनीवाले येऊन गेले," त्या म्हणाल्या. "आकडे पुन्हा बघा म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा बघितले, तेच आहेत."

"तुम्हाला वाईट वाटलं?" मी विचारलं. कारण त्यांना ते मलम किती आवडलं होतं ते त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"वाटलं ना. दोन वर्षं गेली त्यात." त्यांनी समोरचे कागद एकत्र केले. "पण ते खरं आहे. आता निदान कुणी ते कुणाला लावणार नाही." मग सासूबाईंना टाचांचं विचारलं. मी पुढे पुष्कळ मोठी माणसं बघितली. आपल्या मनासारखं न झालेलं इतक्या साध्या आवाजात सांगणारी तशी दुसरी बघितली नाही.

पण हे नंतरचं. माझ्यापुरती ट्रायल संपली त्या दिवशीच त्यांनी डाव्या हाताला बाजारातलं मलम लिहून दिलं होतं. मेची सुट्टी होती, खडू नव्हता आणि भांडी अजूनही सासूबाईंकडेच होती. जूनपर्यंत डावा हात बराच निवळला, तरी त्यावरचे काळपट डाग लांबूनही दिसायचे.

शाळेच्या पहिल्या दिवशी दारात आणि खिडक्यांशी आया-वडिलांची गर्दी. मुख्याध्यापिका फळ्याजवळ उभ्या. आत निम्मी मुलं रडत होती, निम्मी रडायच्या बेतात. मी पुढच्या बाकावरच्या एका काळ्यासावळ्या मुलामागे वाकले, डावा हात सगळ्यांना दिसेल असा त्याच्या पाटीवर ठेवला आणि उजव्या हातात त्याची मूठ घेतली. मूठ घामाने ओली होती. तो घाम माझ्या कातडीला लागला आणि झोंबला नाही. दाराकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. पाटीवर 'अ' उमटला. मी पुसला, पुन्हा काढून घेतला. पुन्हा पुसला. मागे कुणी खोकलं, कुणाच्या बांगड्या वाजल्या. मी तिसऱ्यांदा काढून घेतला, चौथ्यांदा. ती मूठ सोडायचं मला भानच राहिलं नाही.

दारातून एक शब्द आला नाही. तक्रार आली ती त्या पोराची.

"बाई, सोडा ना आता," तो मान वर करून म्हणाला. "मला येतंय."